बाथरूमचा एक्झॉस्ट फॅन घरघरतोय? नवा आणण्याआधी काय तपासायचं, आणि आणायचाच तर शांत पंखा कसा ओळखायचा

डोंबिवलीतली आमची इमारत सात मजल्यांची आणि सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये, म्हणजे इमारतीतल्या उभ्या मोकळ्या पोकळीत, उघडतात. एकाचा पंखा बिघडला की रात्री चार घरांची झोप मोडते, आणि सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं की तक्रार समोर उभी. तरुणपणी मी काही वर्षं मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात बसायचो, हे एकदा गणपतीच्या मांडवात माझ्या तोंडून निघून गेलं. तेव्हापासून बिल्डिंगमधल्या एक्झॉस्ट फॅनचा वैद्य मीच.

लोक विचारतात, "काका, आवाज न करणारा पंखा कुठला घेऊ?" मी विचारतो, "आधी सांगा, आत्ता आवाज कसला येतोय?" कारण जुना फेकून नवा पंखा त्याच सैल चौकटीत बसवला, तर दोन महिन्यांत तीच घरघर परत येते. हा शहाणपणा मी स्वतःच्या घरात बाराशे रुपये घालवून शिकलोय.

लक्षणं

बटण दाबल्यावर नुसतं घुं होतं, पाती हलत नाहीत किंवा रांगत फिरतात: बुश (मोटरचा दांडा ज्यात फिरतो ती कडी) जाम झालाय, नाहीतर कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला धक्का देणारा भाग) गेलाय.

सुरू होताना चिरकतो, पाच-दहा मिनिटांनी गप्प होतो: बुश कोरडा पडलाय. थंडीत सकाळच्या पहिल्या आंघोळीला हमखास.

लयीत धडधड, सोबत काच किंवा प्लाय थरथरतो: पात्यांवर मळ चढून तोल गेलाय, किंवा स्क्रू ढिले.

पंखा बंद असतानाही टपटप: मागच्या झडपा वाऱ्याने आपटताहेत. पावसाळ्यात रात्री दोन वाजता भूत-भूत करणाऱ्या एका काकूंकडे हेच होतं.

सूंऽऽ असा मोठा आवाज, पण आरशावरची वाफ जागची हलत नाही: हवेला वाट नाही.

लाइट गेल्यावरच गुरगुरतो, एरवी ठीक: पंख्याचा दोष नाही. स्वस्तातला स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर मोटर गुरगुरणारच. साइन वेव्ह इन्व्हर्टरवर हा आवाज जातो. इथेच थांबा, पंख्यावर पैसे घालवू नका.

जळका वास, हात लावल्यावर चटका बसेल इतकी गरम मोटर, बटण दाबताच एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा सुरक्षा-स्विच) पडणं, किंवा ओल्या हाताला झिणझिण्या: इथे काही तपासायचं नाही. एमसीबी खाली करायचा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवायचं.

हात लावण्याआधी

बटण बंद केलं म्हणजे पंख्यात वीज नाही, असं समजू नका. जुन्या बिल्डिंगांमध्ये वायरमनने फेजऐवजी न्यूट्रल बटणावर घेतलेला मी अनेकदा पाहिलाय. तसं असेल तर पंखा थांबतो, पण त्याच्या वायरी जिवंतच राहतात. म्हणून त्या लाइनचा एमसीबी खाली करा आणि पंख्याच्या कनेक्टरवर टेस्टर लावून बघा. तो टेस्टर चालतोय ना, हे आधी दुसऱ्या चालू सॉकेटवर बघून घ्या. पाय कोरडे, स्टूल न डगमगणारा, आणि घरात दुसरं कुणीतरी हवं.

पहिली तपासणी: दार उघडा (खर्च शून्य)

पंखा चालू ठेवून बाथरूमचं दार बंद करा, आवाज ऐका. मग दार उघडा. आवाजाचा पोत बदलला, पंखा सुटल्यासारखा वाटला, तर तो उपाशी होता. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो तेवढी कुठून तरी आत यावी लागते. नूतनीकरणात नवं दार आणि ग्रॅनाइटचा उंबरा बसवताना लोक दाराखालची फट पार बंद करून टाकतात. मग पाती त्याच हवेला घुसळत बसतात आणि आवाज वाढतो. बोटभर फट किंवा दाराच्या खालच्या भागात जाळी, एवढ्याने कित्येक ‘बिघडलेले’ पंखे सुधारलेत.

टिश्यू पेपरचा तुकडा जाळीला लावून बघा. चिकटून राहिला तर ओढ आहे. गळून पडला तर पुढचं वाचा.

फटीचा विषय निघालाच आहे म्हणून एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती आवाजापेक्षा मोठी आहे. बाथरूमच्या आत गॅस गिझर असेल, तर पंख्याचं राहू द्या, आधी तो गिझर बाहेर हलवा. गॅस जळताना खोलीतला ऑक्सिजन वापरला जातो आणि हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस आंघोळ करता करता गुंगीत जातो. "एक्झॉस्ट लावलाय ना" असं लोक निर्धास्तपणे सांगतात. पण दार घट्ट बंद असेल तर जोरदार पंखा गिझरच्या धुराड्यातूनच हवा खेचतो, म्हणजे बाहेर जायचा धूर उलटा आत येतो. आवाज कमी करायला कुणी पंखा बंद ठेवला, तर तोही धोकाच. हे काम गॅस एजन्सीच्या माणसाचं. मी अशा घरात पंख्याला हात लावत नाही, सरळ सांगून खाली उतरतो.

दुसरी: झाडूचा दांडा (हाही फुकट)

पंखा चालू असताना झाडूच्या लाकडी दांड्याने चौकटीचे चारही कोपरे एकेक करून दाबा. एखादा कोपरा दाबल्यावर आवाज पडला, तर रोग पंख्यात नाही, बैठकीत आहे. आपल्याकडे व्हेंटिलेटरची एक काच काढून तिथे प्लायचा किंवा अ‍ॅक्रिलिकचा तुकडा बसवतात आणि त्याला भोक पाडून पंखा ठोकतात. दमटपणाने प्लाय फुगतो, स्क्रू पकड सोडतात, आणि तो पातळ तुकडा तबल्याच्या पुडीसारखा वाजायला लागतो. मोटरचा आवाज मूळचा बारीकच असतो, त्याला मोठा करतो तो हा तबला.

उपाय सोपा. एमसीबी खाली, पंखा उतरवा, चौकटीच्या मागे फोमची चिकटपट्टी लावा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ठेवा. भिंतीत स्क्रू असतील आणि गिट्टी (स्क्रू धरणारा भिंतीतला प्लग) फिरत असेल तर ती बदला. स्क्रू जीव खाऊन आवळू नका. प्लास्टिकची चौकट वाकली की पाती कडेला घासतात आणि नवाच आवाज सुरू होतो. प्लाय कुजला असेल तर तो बदलाच. १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लाय, कडांना रंग मारून.

तिसरी: साफसफाई (साबण आणि अर्धा तास)

बाथरूमच्या पंख्यावर जो थर बसतो तो साधी धूळ नसते. वाफ, टाल्कम पावडर, टॉवेलचे तंतू आणि केस यांचा तो लगदा वाळून पात्यावर पापुद्रा धरतो. एका पात्यावर तो दोन-तीन ग्रॅम जास्त बसला तरी मिनिटाला तेराशे फेऱ्यांत तेवढं वजन शाफ्टला, म्हणजे मोटरच्या दांड्याला, एका बाजूला ओढत राहतं. धडधड होते ती यामुळे, आणि बुश लवकर झिजतो तोही यामुळेच.

पाती काढताना मधली टोपी बघा. अनेक पंख्यांत ती उलट्या आट्यांची असते, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. बहुधा तिच्यावर बाणाची खूण असते. ती न बघता जोर लावून टोपी तोडणारे लोक मला दर वर्षी भेटतात, आणि सुटी टोपी सहसा मिळत नाही. पाती कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून भिजवा. उकळतं पाणी नको, प्लास्टिक वाकतं. मोटरवर पाणी ओतायचं नाही, ती कोरड्या ब्रशने झटकायची.

आता पाहुणे. डक्टमध्ये पारवे असतातच. झडपांमागे काड्यांचं घरटं, पिसं, विष्ठा. वाळलेली विष्ठा झाडली की उडणारी धूळ फुप्फुसांना वाईट, दमेकऱ्यांना तर फारच. आधी पाणी शिंपडून ओली करा, चांगला मास्क लावा, मग गोळा करा. घरट्यात पिल्लं असतील तर काही आठवडे कळ काढा. आणि कृपा करून डक्टमध्ये वाकून बाहेरून साफ करायला जाऊ नका. आतून हात पोचत नसेल तर हे काम दोर-पट्टा लावून उतरणाऱ्या माणसाचं आहे.

चौथी: झडपा

प्लास्टिकच्या झडपा वाऱ्याने उघडतात, पंखा थांबला की पडतात. त्यांच्या कानातली खुंटी झिजली की त्या टपटपतात, मळाने चिकटल्या की उघडतच नाहीत आणि पंखा बंद दारावर फुंकर मारत बसतो. धुवा. टपटप थांबत नसेल तर प्रत्येक झडपेच्या खालच्या कडेला फोमची बारीक पट्टी. झडपा उपटून फेकू नका, नाहीतर तळमजल्यावरचं सुकट भाजणं सातव्या मजल्यावर पोचतं.

पाचवी: तेल

पंखा उतरवलेला असताना शाफ्ट बोटाने फिरवा. सहज फिरून हळूहळू थांबला तर ठीक. अडखळला, तर बुश कोरडा. शाफ्ट आजूबाजूला हलवून बघा. खटखट हलला तर बुश झिजलाय आणि तेलाने फक्त दिवस ढकलले जातील.

बुश म्हणजे शाफ्टभोवतीची सच्छिद्र, बहुधा ब्राँझची कडी. तिच्यात तेल मुरवलेलं असतं आणि भोवती बहुधा तेल धरून ठेवणारा फेल्ट (नमद्याचा तुकडा) असतो. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब पुढच्या आणि मागच्या बुशला द्या, शाफ्ट फिरवत राहा, एक तास ठेवा. जास्त तेल वाइंडिंगवर गेलं की धूळ धरतं.

खोबरेल तेल घालू नका. हे ठळक अक्षरात लिहून मी लिफ्टपाशी लावणार होतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, आणि वर्षभरात त्याचा चिकट राळेसारखा थर होतो. डिसेंबरात पंखा घुं करून जागीच उभा राहतो तो यामुळे. जंग सोडवायचा स्प्रेही एकटा पुरत नाही. त्याने जुना चिकटा निघतो, पण तो उडून गेल्यावर बुश पुन्हा कोरडा. स्प्रेने धुतलंत तर नंतर तेल द्याच.

तेल देऊन महिन्याभरात चिरकणं परत आलं, तर आता दुरुस्तीचा नाद सोडा. छोट्या प्लास्टिकच्या पंख्याचा बुश बदलायची मजुरी आणि नव्या पंख्याची किंमत यांत फार अंतर उरत नाही. लोखंडी मोठा पंखा असेल आणि आत बॉल बेअरिंग असेल तर मात्र बेअरिंग बदलून घ्या, तो अजून दहा वर्षं चालतो. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तोच आणायचा.

सहावी: कपॅसिटर. इथे बहुतेकांनी थांबावं.

बोटाने ढकलल्यासारखा हळू सुरू होणारा पंखा, शाफ्ट मोकळा असूनही, म्हणजे कपॅसिटर. वस्तू शंभर रुपयांच्या आतली. पण तो वीज बंद केल्यावरही भरलेला असू शकतो, आणि बदलताना जुन्यावर छापलेला मायक्रोफॅरडचा आकडा तोच लागतो. "मोठा टाकला तर जोरात फिरेल" असं दुकानदार सांगेल. मोटर तापून जाते, बाकी काही नाही. मोजायला मीटर नसेल तर इलेक्ट्रिशियनला द्या. स्वस्त छोट्या पंख्यांत कपॅसिटरच नसतो, मोटरच्या पत्र्यात तांब्याची जाड कडी दिसते. अशी मोटर घुं करत जाम उभी राहिली तर बंद करा. आतला थर्मल फ्यूज एकदाच उडतो आणि मग पंखा कायमचा गेला.

वायरीवर टेपचे जोड, काळवंडलेला कनेक्टर किंवा ओल दिसली तर तिथेही थांबा.

बदलायचाच ठरलं तर

खोक्यावरच्या ‘सायलेंट’ या शब्दाला काही अर्थ नाही. मी तीन गोष्टी बघतो, आणि त्यांतली पहिली सगळ्यात मोठी.

फेऱ्या. खोक्यावर आरपीएम लिहिलेलं असतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. मोटरमधले पोल, म्हणजे चुंबकीय ध्रुव, जितके जास्त तितका वेग कमी. दोन पोलची मोटर ३,००० च्या खाली, छोट्या पंख्यात दोन-अडीच हजारांवर फिरते. चार पोलची साधारण १,३०० ते १,४००. सहा पोलची ९०० च्या आसपास. वेग अर्धा झाला की त्याच पंख्याचा आवाज ढोबळमानाने १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून २,२०० फेऱ्यांचा ६ इंची पंखा, मग तो कुठल्याही कंपनीचा असो, रात्री ऐकू येणारच.

आता गंमत बघा. ८ इंची पंखा ६ इंचीच्या निम्म्या वेगाने फिरवला तरी त्याच्यापेक्षा थोडी जास्तच हवा ओढतो, कारण हवेचं प्रमाण पात्याच्या व्यासाच्या घनाने वाढतं. मोठ्या पात्याचा स्वतःचा आवाज जमेस धरूनही पाच-सहा डेसिबलची बचत होते. खिडकीत जागा असेल तर मोठा आणि संथ घ्या.

पण याला एक अट. संथ पात्याचा पंखा थेट डक्टमध्ये उघडणाऱ्या खिडकीतच चालतो. नव्या टॉवरमध्ये फॉल्स सीलिंगच्या वर लवचिक पाइप टाकून हवा बाहेर नेतात, तिथे तो हरतो. वेग कमी झाला की हवा ढकलायची ताकद वेगाच्या वर्गाने घटते. अशा ठिकाणी पाइपातच बसणारा इनलाइन पंखा, शक्यतो बाथरूमपासून दूर, लांबच्या टोकाला बसवा. आवाज दूर जातो. त्याआधी सीलिंगचं झाकण उघडून पाइप चुरगळलाय का बघा. एका घरात चार हजारांचा पंखा आणल्यावर कळलं की एसीवाल्याने त्या पाइपवरच गुडघा टेकवला होता.

हवा किती लागते? पाच बाय सात फुटांची, साडेआठ फूट उंच बाथरूम म्हणजे सुमारे ३०० घनफूट, साडेआठ घनमीटर. तासाला दहा वेळा हवा बदलायची म्हटली तरी ८५ घनमीटर पुरे. साधा ६ इंची पंखाही खोक्यावर २०० च्या पुढे लिहितो. तो आकडा मोकळ्या हवेतला असतो, झडपा-जाळी लागल्यावर निम्मा धरा, तरी पुरतो. म्हणजे सर्वांत जोरदार पंखा घेण्याची गरज आपल्या बाथरूमना नसतेच. आकडा सीएफएममध्ये (मिनिटाला घनफूट) असेल तर १.७ ने गुणा, म्हणजे तासाचे घनमीटर मिळतात.

डेसिबल. आकडा दिला असेल तर किती अंतरावरून मोजलाय ते वाचा. तीन मीटरवरून मोजलेला आकडा एक मीटरवरच्यापेक्षा नऊ-दहाने कमी दिसतो. पंखा तोच. अंतर दिलंच नसेल तर आकडा सोडून द्या आणि दुकानात चालवून दाखवायला सांगा, हातात धरून, टेबलावर ठेवून नाही.

बेअरिंग. खिडकीत आडव्या शाफ्टने बसणारा असेल तर चांगला बुश मुळात जास्त शांत असतो. छताला उलटा टांगायचा असेल तर बॉल बेअरिंगच घ्या. बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे आता मिळतात, वीज निम्म्याहून कमी खातात आणि वेग कमी करता येतो, म्हणून आवाजासाठी मला ते पटतात. साध्या पंख्याला सीलिंग फॅनचा रेग्युलेटर जोडू नका. कमी वेगावर सुरू न होता तापत बसतो. डोंबिवली, वसई, अलिबाग, रत्नागिरी, कुठेही खारा दमट वारा असेल तिथे बाथरूमला पत्र्याचा पंखा नको, गंजतो. पत्र्याचा घेतलाच तर अर्थिंगची वायर जोडलेली हवीच.

आणि अमेरिकेहून येणाऱ्या भाच्याला पंखा आणायला सांगू नका. तिकडे खोक्यावर आवाजाचं माप ‘सोन’मध्ये लिहितात, एक सोनच्या आतले पंखे खरंच छान शांत असतात, पण ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचे. आमच्या बी विंगमध्ये एक असा पंखा चार सेकंद चालला.

मापं घेताना पंख्याचं नाही, भोकाचं माप घ्या. ६ इंच हे पात्याचं माप; चौकटीला भोक सात-साडेसात इंचांचं लागतं आणि ते कंपनीगणिक बदलतं. जुन्या भोकाचा कागदी साचा कापून दुकानात घेऊन जा. भोक मोठं करायला भिंत फोडावी लागणार असेल तर तिथे बीम किंवा कॉलम नाही ना, हे सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय कोअर कटिंगवाल्याला आत घेऊ नका.

बसवून झाला की दार बंद करून एकदा, उघडून एकदा ऐका, आणि मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग करून ठेवा. सहा महिन्यांनी "आधी एवढा आवाज होता का?" हा वाद घरात होतोच, तेव्हा ते कामी येतं. जाळीच्या आतल्या बाजूला मी मार्करने तारीख लिहितो: बसवल्याची, आणि खाली तेल दिल्याची. माझ्या पंख्यावर आता चार तारखा झाल्यात.